काळा पडदा आणि कारणाचा शोध

तृतीय वर्ष कला (तत्त्वज्ञान)

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या मराठी विभागाच्या खोलीला रंग देण्यात आला. सुटी संपवून आम्ही परतलो तेव्हा भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या आणि संगणकाचा पडदा मात्र काळाकुट्ट होता. बटण दाबले की डब्यातले पंखे फिरत, आतले दिवे लागत. पण पडद्यावर 'नो सिग्नल' एवढी दोन शब्दांची ओळ क्षणभर उमटे आणि पुन्हा अंधार होई.

एरवी ह्यात घाबरण्यासारखे काही नव्हते. परंतु ह्याच संगणकात तीन वर्षांत विद्यार्थिनींनी आसपासच्या गावांतून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. काही टंकलेल्या, काही ओवी सांगणाऱ्या आजींच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेल्या. त्या आजींपैकी दोघी आज हयात नाहीत. आणि, सांगावयास लाज वाटते, ह्या सगळ्याची दुसरी प्रत कोणीच काढून ठेवली नव्हती.

दुरुस्तीसाठी बोलावलेल्या माणसाने बटण दाबून पाहिले, पंख्याकडे पाहिले आणि पाच मिनिटांत निकाल दिला, "ग्राफिक्स कार्ड उडालंय, मॅडम. नवीन टाकावं लागेल. डबा दुकानात न्यावा लागेल, जमल्यास फॉरमॅटही करून देऊ." त्याने सांगितलेला आकडा विभागाला झेपणारा नव्हता, आणि 'फॉरमॅट' हा शब्द ऐकून तर मॅडमचा चेहरा उतरला. तो गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "अगं, तू घरी भावाचा संगणक उघडतेस ना? बघ ना जरा. पण आतलं काही पुसलं जाता कामा नये."

त्या दुपारी मी, माझी एक वर्गमैत्रीण आणि मॅडम अशा तिघींनी जे केले, त्यात जे चुकले आणि त्यावरून जे शिकता आले, ते आपल्यापुढे ठेवण्याचा ह्या लेखाचा हेतू आहे. मी तंत्रज्ञ नाही. परंतु तर्कशास्त्राच्या तासाला शिकलेले त्या दिवशी जितके उपयोगी पडले तितके परीक्षेतही पडले नव्हते.

चित्र येते कोठून?

आपण ज्या डब्याला सर्रास 'सीपीयू' म्हणतो तो खरे म्हणजे नुसता डबा, अर्थात कॅबिनेट होय. खरा सीपीयू म्हणजे प्रोसेसर. तो आत मदरबोर्डावर पंख्याखाली बसलेला काडेपेटीएवढा तुकडा असतो. प्रोसेसर हिशेब करतो. त्या हिशेबाचे चित्रात रूपांतर करणे हे ग्राफिक्स कार्डाचे काम. आजच्या साध्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० असे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. ते सेकंदाला ६० वेळा पाठवावयाचे म्हणजे दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपक्यांचा रंग केबलमधून जात असतो. एवढे काम असल्यामुळे कार्डाला स्वतःची स्मृती, स्वतःचा पंखा आणि पुष्कळदा स्वतःचा वेगळा वीजपुरवठा लागतो.

कार्ड ज्या लांब खाचेत बसते तिला पीसीआय एक्सप्रेस स्लॉट म्हणतात. ह्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. अधिक भूक असलेल्या कार्डाला एसएमपीएसमधून, म्हणजे डब्यातल्या वीज पुरविणाऱ्या पेटीतून, निराळी वायर जोडावी लागते; सहा पिनांचा प्लग आणखी ७५ वॅट देतो, आठ पिनांचा १५०. आमचे कार्ड १२० वॅटचे, म्हणजे सहा पिनांचा प्लग लागणारे होते. मराठी विभागाला एवढे कार्ड कशाला, असे कोणी विचारील. तर हा संगणक एका माजी विद्यार्थ्याने खेळांसाठी घेतला होता आणि नवा घेतल्यावर हा विभागाला भेट दिला. त्याचा प्रोसेसर २०१९ च्या सुमाराचा, इंटेल कंपनीचा आणि नावाच्या शेवटी 'एफ' हे अक्षर असलेला. 'एफ' असलेल्या इंटेल प्रोसेसरच्या पोटात चित्र काढण्याची सोय नसते. अशा संगणकात स्वतंत्र कार्ड ही चैन नसून गरज असते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

जाता जाता सांगण्यासारखे एक. पडद्यावर देवनागरी उमटावी म्हणून एके काळी संगणकात निराळे कार्ड बसवावे लागे. १९८० नंतरच्या दशकात आयआयटी कानपूर येथे आकारास आलेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक ह्या संस्थेने (स्थापना १९८८) वाढविलेल्या 'जिस्ट' तंत्राचे ते कार्ड होते. तेव्हा मराठी अक्षर आणि कार्ड ह्यांचा संबंध आजचा नाही.

पडदा काळा, म्हणून काय सिद्ध झाले?

न्यायशास्त्रातले पर्वतावरच्या धुराचे उदाहरण आपणां सर्वांना पाठ आहे. धूर दिसला की अग्नी आहे असे अनुमान करता येते. परंतु धूर दिसला नाही म्हणून अग्नी नाही, असे म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. हा दृष्टान्त नैयायिकांनीच दिला आहे. पडद्यावरचे चित्र हा आपला धूर. चित्र दिसले की कार्ड, केबल आणि मॉनिटर तिन्ही ठीक आहेत असे खुशाल म्हणावे. पण चित्र दिसत नाही एवढ्यावरून 'कार्ड गेले' हे सिद्ध होत नाही. 'दिसण्यापर्यंतच्या वाटेवर कोठे तरी अडले आहे', इतकेच सिद्ध होते.

उलट बाजूनेही हीच काळजी घ्यावी लागते. कार्डाचा पंखा फिरतो म्हणजे कार्ड ठीक आहे, असेही नव्हे. पंख्याला फक्त वीज लागते.

बटण दाबल्यावर संगणक प्रथम स्वतःची तपासणी करतो. तिला 'पोस्ट' म्हणतात. प्रोसेसर आहे ना, स्मृती म्हणजे रॅम आहे ना, ह्या गोष्टी आधी पाहिल्या जातात आणि चित्राची पाळी साधारणपणे त्यानंतर येते. रॅम सापडली नाही तर यंत्र तेथेच थांबते. कार्ड निर्दोष असूनही पडदा काळाच राहतो. म्हणून पहिला प्रश्न 'कार्ड गेले का?' हा नव्हे. 'यंत्र कोठपर्यंत पोहोचले?' हा होय.

ते ओळखण्याच्या तीन खुणा आहेत. एक, कीबोर्डवरची 'नम लॉक' कळ. ती दाबल्यावर तिचा दिवा लागत-विझत असेल तर आत यंत्र जागे आहे, फक्त दिसत नाही. दुसरी, बीपचा आवाज. काही बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे चित्राच्या भागात दोष, असा संकेत असे. पुष्कळ नव्या डब्यांत मात्र आवाजाचा तो छोटा स्पीकरच नसतो. तिसरी खूण, मदरबोर्डच्या कडेला असणारे चार बारीक दिवे. हे सर्व बोर्डांवर नसतात. पण असल्यास त्यांच्याशेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी अक्षरे छापलेली असतात आणि जेथे यंत्र अडते तेथला दिवा लागून राहतो.

बाहेरून आत

डबा उघडण्याची घाई करू नये. आधी बाहेरचे पाहून घ्यावे. आम्ही तसेच केले. मॉनिटरला वीज होती. त्याच्या बटणाने योग्य इनपुट निवडला होता. अंधाऱ्या पडद्यावर तिरका टॉर्च मारून पाहिला. मागचा प्रकाश गेलेला असेल तर अशा वेळी पुसट चित्र दिसते, ते दिसले नाही. मग तीच केबल आणि तोच मॉनिटर मॅडमच्या लॅपटॉपला जोडला. चित्र स्वच्छ आले. एकच गोष्ट बदलली आणि फळ बदलले. म्हणजे केबल आणि मॉनिटर निर्दोष, दोष डब्याच्या बाजूला. तर्कशास्त्रात आपण जिला व्यतिरेक पद्धती म्हणतो ती हीच.

केबल परत जोडताना माझ्या लक्षात आले की ती आधी भलत्याच ठिकाणी होती. डब्याच्या मागे दोन जागी सारख्याच आकाराची एचडीएमआय भोके असतात. वर, जेथे कीबोर्ड आणि माऊस जोडतात त्या रांगेतले भोक मदरबोर्डचे. त्याखाली आडव्या पट्टीवरचे भोक कार्डाचे. रंगकामाच्या वेळी टेबल हलविले तेव्हा शिपाईकाकांनी सगळ्या वायरी काढून पुन्हा जोडल्या होत्या आणि केबल वरच्या भोकात गेली होती. त्यात त्यांचा दोष तो काय? भोक बसते तेथे प्लग जातो. परंतु आमचा प्रोसेसर 'एफ' जातीचा, त्यामुळे वरच्या भोकातून चित्र येणे शक्यच नव्हते. प्रोसेसरमध्ये चित्राची सोय असली तरी स्वतंत्र कार्ड बसविले की पुष्कळ मदरबोर्ड आपले भोक आपण होऊन बंद ठेवतात.

मी केबल कार्डाच्या भोकात घातली. मोठ्या आशेने बटण दाबले. पडदा काळाच!

मैत्रीण म्हणाली, "म्हणजे हे कारण नव्हतं." आणि तिने केबल काढून 'जशी होती तशी' पुन्हा वर लावून टाकली. मीही मान डोलावली. ह्या एका वाक्याने आमचे पुढचे दोन तास खाल्ले.

डबा उघडला

आता आत पाहणे भाग होते. येथे सुरक्षिततेचे चार शब्द. भिंतीवरचे बटण बंद करून वायर काढावी आणि मग डब्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे. उरलीसुरली वीज निघून जाते. अंगावरची स्थिर वीज नाजूक भागांना मारक ठरते, म्हणून आतल्या कशाला हात लावण्यापूर्वी डब्याच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. एसएमपीएसची पेटी मात्र कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात जीवघेणी वीज साठलेली असू शकते. आणि कोणताही भाग जोर लावून ओढू नये. कार्डाच्या खाचेच्या टोकाला एक लहान खिटी असते. ती दाबल्याशिवाय कार्ड निघत नाही.

झाकण काढून वीज जोडली. नम लॉकची कळ निर्जीव. बोर्डावरचा 'डीरॅम'चा दिवा लागलेला. म्हणजे यंत्र कार्डापर्यंत पोहोचतच नव्हते! वीज काढून नीट पाहिले तेव्हा रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एकीची कडेची खिटी अर्धवट उघडी होती. टेबल हलविताना डब्याला धक्का बसला असावा. दोन्ही पट्ट्या काढून, त्यांच्या सोनेरी कडा स्वच्छ कोरड्या कापडाने पुसून, 'टक्' असा आवाज होईपर्यंत परत बसविल्या. (आपल्याकडे ह्या कडा खोडरबराने घासण्याची चाल आहे. फार घासू नये. रबराचा चुरा खाचेत गेला तर दुसरेच दुखणे उभे राहते.) पुन्हा वीज दिली. यंत्राने थोडा वेळ घेतला, दिवा विझला आणि नम लॉक हुकूम मानू लागला.

पडदा मात्र काळाच.

आता तिघींचीही खात्री झाली की दुरुस्तीवाला खरे बोलत होता. तरी कार्ड काढून पुन्हा बसविले, सहा पिनांचा प्लग काढून घट्ट लावला. काही नाही. मॅडम खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या माणसाला फोन करते. पण ओव्यांचं तेवढं त्याला बजावून सांगायला हवं."

दोन कुलपांचे दार

दुसरे काही सुचेना म्हणून मी एक कागद घेतला आणि आतापर्यंत काय काय केले ते क्रमाने लिहू लागले. तिसऱ्या ओळीशी हात थांबला. 'केबल कार्डाला लावली, फरक नाही, परत वर लावली.' हा प्रयोग केला तेव्हा रॅम सैल होती! रॅम सैल असताना केबल कोठेही लावली तरी पडदा काळाच राहणार होता. म्हणजे त्या प्रयोगाने काहीच सिद्ध झाले नव्हते, आणि आम्ही मात्र बरोबर केलेली दुरुस्ती स्वतःच्या हाताने मोडून ठेवली होती.

केबल खाली लावली. काही क्षणांत पडद्यावर मदरबोर्डची खूण उमटली, आणि मागोमाग विभागाच्या संगणकाची ती ओळखीची निळी पार्श्वभूमी.

जॉन स्टुअर्ट मिल ह्याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारणे शोधण्याच्या पद्धती मांडल्या. त्यांतील व्यतिरेक पद्धतीची अट अशी की एक गोष्ट वगळता बाकी सारी परिस्थिती सारखी असावी. ही अट आम्ही पाळली होती. परंतु एकच कार्य अनेक कारणांनी घडू शकते, ही अडचणही मिलने दाखविली आहे. तिच्याकडे आम्ही दुर्लक्ष केले. आमच्या बाबतीत तर दोन कारणे एकाच वेळी हजर होती. दाराला दोन कुलपे असावीत, एकाची किल्ली फिरवावी, दार उघडले नाही म्हणून 'ही किल्ली खोटी' असे ठरवून ते कुलूप पुन्हा लावावे, तसे आम्ही केले. 'ह्याने फरक पडला नाही' आणि 'हे कारण नव्हते' ही दोन विधाने एक नव्हेत. जे निश्चितपणे चुकीचे आहे ते सुधारले की फळ दिसो वा न दिसो, सुधारलेलेच ठेवावे आणि पुढे जावे. आणि केलेली प्रत्येक गोष्ट कागदावर लिहावी. कारण दमलेल्या माणसाची आठवण पुराव्यास धरता येत नाही.

इतरत्र काय असू शकते?

आमची दोन कारणे म्हणजे सर्व कारणे नव्हेत. ज्यांच्यावर हा प्रसंग येईल त्यांच्यासाठी बाकीची थोडक्यात देते.

(१) कार्ड खाचेत पूर्ण बसलेले नसणे. कार्ड जड असते आणि डबा उभा असतो, त्यामुळे ते कालांतराने एका बाजूला झुकते. काढून सरळ बसवावे आणि मागच्या पट्टीचा स्क्रू आवळावा.

(२) जादा विजेचा प्लग विसरणे, किंवा कार्डाच्या मानाने एसएमपीएस अशक्त असणे. चालू करताच संगणक बंद पडत असेल, किंवा खेळ सुरू केला की पडदा जात असेल, तर ह्याचा संशय घ्यावा.

(३) सुरुवातीची खूण दिसते, पण विंडोज सुरू होताना पडदा काळा होतो. येथे कार्ड बहुधा ठीक असते, बिघाड ड्रायव्हर ह्या प्रणालीत असतो. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ह्या चार कळा एकदम दाबल्यास ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तेवढ्याने न भागल्यास सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर काढावा आणि निर्मात्याकडचा योग्य ड्रायव्हर घालावा.

(४) जुने कार्ड नव्या बोर्डावर बसविणे. नवे बोर्ड युईएफआय पद्धतीने सुरू होतात. फार जुन्या कार्डांत त्यासाठी लागणारी सूचनावली नसते. खाच तीच असूनही सुरुवातीचे चित्र येत नाही.

(५) बायोसमधील मांडणी बिघडणे. वीज काढून बोर्डावरचा नाण्यासारखा सेल (सीआर २०३२, ३ व्होल्ट) काही मिनिटे काढून ठेवल्यास बहुतेक बोर्डांत मांडणी मूळपदावर येते. हार्ड डिस्कवरचा मजकूर ह्याने पुसला जात नाही. तारीख आणि वेळ तेवढी नव्याने लावावी लागते.

(६) आणि शेवटी, कार्ड खरोखरच जाणे. हे ठरविण्याचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे अदलाबदल. आपले कार्ड दुसऱ्या चालू संगणकात, आणि दुसरे चालू कार्ड आपल्या संगणकात. दोष कार्डाबरोबर गेला तर कार्ड गेले. दोष डब्यातच राहिला तर कार्ड निर्दोष. मरणापूर्वी पुष्कळ कार्डे पडद्यावर रंगीत ठिपके किंवा पट्टे दाखवून सूचनाही देतात. ही अदलाबदल केल्याशिवाय नव्या कार्डाचे पैसे कोणालाही देऊ नयेत.

ह्या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट ही की लेखन, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे ही कार्डात नसतात. ती हार्ड डिस्कमध्ये असतात. पडदा काळा झाल्याने त्यांतले एक अक्षरही जात नाही. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तरी ती बहुधा मिळतात. उलट, सुरुवातीची खूणसुद्धा दिसत नसताना कोणी फॉरमॅट करू म्हणाला तर त्याला हात जोडून नको म्हणावे. कारण त्या रोगाशी त्या औषधाचा काही संबंध नाही आणि औषधाने जाईल ते मात्र परत येणार नाही.

शेवटी

त्या दुरुस्तीवाल्याला मी लबाड म्हणणार नाही. धूर दिसला नाही, म्हणून अग्नी नाही असे त्याने ठरविले. अर्ध्या दुपारपर्यंत आम्हीही तेच ठरविले होते. फरक एवढाच की आमच्याजवळ वेळ होता, कागद होता आणि गमावण्यासारखे काही तरी होते.

चित्र आल्यावर मॅडमनी प्रथम ओव्यांचा फोल्डर उघडला आणि आता हयात नसलेल्या एका आजींचे ध्वनिमुद्रण लावले. पाठीमागे जात्याची घरघर होती. दोन-तीन ओव्या झाल्यावर आजी थांबून कोणाला तरी म्हणाल्या, "पीठ बघ गं, सांडतंय." शिपाईकाका दारात उभे राहून ऐकत होते. त्याच संध्याकाळी आम्ही सगळ्याच्या तीन प्रती काढल्या. एक ग्रंथालयाच्या संगणकात आहे, एक विभागाच्या कपाटातल्या वेगळ्या डिस्कवर आणि एक मॅडमच्या घरी. डब्याच्या मागे, वरच्या भोकावर, मी एक चिकटपट्टी लावून ठेवली आहे. तिच्यावर लिहिले आहे, 'येथे नव्हे, खाली.'